बायाक्काची कॅसेट

जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देण्याचा माझा धंदा म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे, असं माझी बायको लतिका म्हणते. खोटं नाही. शहापुरातल्या माझ्या स्टुडिओत गिऱ्हाईक येतं ते बहुतेक घरात कुणी गेल्यावर. वीस वर्षं माळ्यावर पडलेली कॅसेट लोकांना तेराव्यालाच आठवते, आणि दोन दिवसांत पाहिजे म्हणून वर माझ्यावरच डाफरतात.

बायाक्का मात्र फारच उशिरा आली. वडगावची विणकरीण. नवरा ऐन तिशीत गेला, तेव्हा पदरात दोन पॉवरलूम, एक मुलगी आणि एक मुलगा. चाळीस वर्षं तिनं साड्या विणल्या. मुलगी सुवर्णा सदलग्याला दिली, त्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. पुढच्याच वर्षी मुलगा राजकुमार काविळीनं गेला. जेमतेम तेवीस वर्षांचा. चौदाव्या दिवशी बाईनं माग सुरू केला. मागाच्या खटखटाटात रडलेलं शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, तेवढंच बरं, असं म्हणायची.

त्या खटखटाटानं तिचे कान खाल्ले. आता अगदी जवळ जाऊन ओरडावं लागतं.

"मार्तंडा, ह्यातनं माझ्या राजूचा आवाज काढून दे रं," ती म्हणाली. "फोटू हाय घरात. पर आवाज कसा हुता, त्योच आठवंना झालाय. आन कानबी आता लई दिस न्हाय टिकायचं म्हनला डाक्टर. त्याच्या आदी एकडाव ऐकू दे."

लग्नाची तयार डिस्क तिच्याकडं होती, पण तिचा उपयोग नव्हता. त्या काळी आम्ही सगळेच शूटिंगवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी चढवायचो. अडीच तासांत माणसाचा एक शब्द ऐकू येईल तर शपथ. खरा आवाज होता तो फक्त मूळ कॅसेटमध्ये, आणि ती तिनं माझ्याकडून तेव्हाच मागून नेली होती.

तिनं खणाची घडी उलगडली. आतली कॅसेट हळदीकुंकवानं माखलेली होती. झाकणाच्या फटीत कुंकवाचा गाळ, वाळून घट्ट.

आमच्याकडं खंडेनवमीला विणकर मागाची पूजा करतात. धोटा, कात्री, जे हाताला पोट भरायला लागतं ते सगळं पाटावर मांडायचं, तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं. राजकुमार गेल्यापासून बायाक्का त्या पाटावर कॅसेटही मांडत आली होती. एकोणीस नवम्या.

"आक्का, हे काय करून ठेवलंस गं! आत पाणी गेलंय, कुंकू गेलंय, टेपची माती झाली असंल!" मी ओरडलो. तिला ऐकू गेलं नाही. माझं तोंड हलताना बघून ती हसली आणि म्हणाली, "लई जपलीया."

मी कॅसेट ठेवून घेतली.

आठ दिवस मी त्या कॅसेटला बसलो. स्क्रू काढले, टेप वीत-वीत बाहेर घेऊन कापसानं पुसली. पुसताना तिचा तपकिरी थरच कापसावर येत होता. नव्या डबीत घालून लावली, की चित्राचे नुसते चौकोन. शेवटी कुठंतरी मधेच अकरा सेकंद स्वच्छ निघाली.

त्या अकरा सेकंदांत राजकुमार होता. डोक्याला फेटा, हातात अक्षतांचं ताट. कॅमेऱ्याकडं बघून तो काहीतरी बोलायला तोंड उघडतो, आणि आवाज येतो तो माझा. "बोलू नको रं, निसतं हाकडं बघ. हां, आता हळू चल." माईक कॅमेऱ्यावरच असायचा, माझ्या तोंडापासून वीतभर. पोरगं गप्प बसलं आणि शहाण्यासारखं चालत गेलं.

बायाक्काला बोलावलं. खरं काय ते सांगायचं, असं ठरवलं होतं. स्पीकर पूर्ण मोठा केला, तिनं त्याला कान लावला. शब्द तिला कळले नसावेत. पडद्यावर लेकाचे ओठ हलले, कानात एका तरण्या गड्याचा आवाज आला.

"ह्योच! ह्योच की रं माझा राजू!" ती म्हणाली आणि मोठ्यानं रडली. आठ वेळा लावून घेतलं.

मी काही सांगितलं नाही.

सुवर्णा सांगते, आई रोज दिवा लावला की टीव्हीला कान चिकटवून मी दिलेली ती अकरा सेकंदांची डिस्क ऐकते. तिच्या मनाच्या तळाशी लेकाचा जो काही उरलासुरला आवाज होता, त्याच्यावर आता माझा भरला गेला. तो पुसून खालचा वर आणणारं यंत्र माझ्याजवळ नाही. स्वतःची किळस येते कधी कधी.

परवा ती बाजारात भेटली. "मार्तंडा, बरा हाईस न्हवं?" म्हणाली. मी मान हलवली, हात जोडले आणि एक शब्द न बोलता पुढं निघालो.