साबणाने बुजलेलं भोक

हे मी आजवर टाळलं. परवा पंपावर कुणीतरी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, सूं करून हवा आत शिरली आणि दत्ताराम आठवला.

गिरणी संपाच्या काळात लालबागला माझं गॅरेज होतं. माझा भाऊ संपावर होता आणि माझा मित्र दत्ता जुन्या पिकअपमधून संप फोडणारे कामगार गिरणीत पोहोचवायचा. गाडी दोन-तीन मैलांवर बंद पडायची, थोडं थांबलं की पुन्हा चालू व्हायची.

"कॉइल गेली काय रे? बघ जरा," तो म्हणाला.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण पाहताच कळलं. पेट्रोल सांडू नये म्हणून त्यानेच झाकणाला साबण फासला होता आणि त्यातलं हवेचं भोक बुजलं होतं; हवा आत न गेल्याने पेट्रोल इंजिनाकडे उतरत नव्हतं. टाचणीने मोकळं झालं असतं. मी झाकण तसंच घट्ट बसवलं.

"झाली गाडी. जा."

दुसऱ्या दिवशी करी रोडला ती बंद पडली. संपकऱ्यांच्या जमावाने काच फोडून दत्ताला केसांना धरून बाहेर ओढलं. सळईचे घाव उजव्या हातावर पडत राहिले, हाड बाहेर येईपर्यंत. मी पोहोचलो तेव्हा रस्त्यावर रक्त आणि पेट्रोल एकत्र वाहत होतं.

इस्पितळात तोच मला म्हणाला, "तू गाडी नीट केली होतीस रे. माझंच नशीब फुटकं."

'दत्ता, ते भोक मी पाहिलं होतं, मला माफ कर,' हे ओठांपर्यंत आलं. मी त्याला पाणी पाजलं आणि घरी आलो.