शीर, पण कुठली?

मंडळी, आज दुपारी बाबांचा एमआरआय घेऊन डॉक्टरांकडं गेलतो. डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितोय.

गेले काही महिने बाबांचे पाय जड पडतायत. चालता चालता मध्येच कट्टा बघून बसतात. घरात सगळे एकच सांगत होते, शीर दबलीय. मामांनी तर जोतिबा रोडच्या एका वस्तादांकडं रविवारी पाठ चोळून घ्यायचं ठरवूनही टाकलं होतं.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "मणक्यातल्या शिरेचाच त्रास आहे."

मामा खुर्चीतनं उठलेच. "व्हय की! आम्ही तेच म्हणतोय. रविवारी मोकळी करून घेतो!"

डॉक्टरांनी हातानं त्यांना थांबवलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्ही म्हणताय तो मज्जातंतू. मी म्हणतेय ती रक्ताची शीर. यांच्या मणक्यात दोन रक्तवाहिन्या भलत्याच जागी एकमेकींना जोडल्या गेल्यात, त्यानं मज्जारज्जूत रक्त तुंबतं आणि पाय जड पडतात. क्वचित कुणाला होतं असं. चोळून काही उपयोग नाही, आणि उशीर केला तर पाय कायमचे जायची भीती आहे. मांडीतून बारीक नळी घालून तो जोड बंद करता येतो."

बाबा शांतपणे म्हणाले, "मग करा की बंद."

बाहेर येऊन मामांनी वस्तादांना फोन लावला. "रविवारचं ऱ्हाऊ दे. शीरच हाय, पण ती शीर न्हाय."

आम्ही हसलो. बाबा मात्र स्वतःच्या पायांकडं बघत होते.

तुमच्या घरात कुणाची शीर दबलीय का? कुठली, ते विचारलंय कुणाला?