सदाभावजींची रेकॉर्ड उलटताना

लग्न होऊन देवबागेत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जो मूर्खपणा केला तो आमच्या घरात अजून सांगितला जातो, आणि दर वेळी सांगताना कपांची संख्या वाढते. म्हणून एकदा मीच लिहून टाकते. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. पडवीतल्या खोलीचं दार ओढलेलं, आणि आतून एकदम पुष्कळ माणसांचं गाणं ऐकू यायला लागलं. जाड आवाजाचे पुरुष, वर पोराटोरांचे बारीक आवाज, ना पेटी ना तबला, आणि भाषा कुठली ते देवालाच माहीत. मी म्हटलं, झालं, पाहुणे आले, आणि आपण नवी नवरी चुलीपाशी मख्खासारखी बसलेली! घरातले होते नव्हते ते कप काढले, कमी पडले म्हणून शेजारच्या फिलूबायकडचे आणले, टोपभर चहा केला, पदर नीट घेतला आणि ताट सांभाळत पायाने दार ढकललं. आत खाटेवर एक माणूस उताणा पडलेला आणि उशाशी एक काळी तबकडी फिरत होती. बस्स. मी शहाणी, विचारते काय, "बाकीचे खंय गेले?" त्या माणसाने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "ते इंग्लंडात आसत. च्याय थंड होतली वैनी, तूच पी."

तेच माझे धाकटे दीर, सदानंद. आमचे सदाभावजी. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला.

माझ्या लग्नाआधी दोन वर्षं ते मालवाहू बोटीवर होते. एका हिवाळ्यात बोट दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या बंदरात अडकून पडली. अंगावर धड गरम कपडा नाही, म्हणून हे महाशय ऊब शोधत तिथल्या मोठ्या देवळात शिरले. संध्याकाळची प्रार्थना चालू होती. गाणारे पुष्कळ आणि ऐकणारे चार म्हाताऱ्या. "फुकट होता गो," भावजी सांगायचे, "आणि कोण 'तू कोण' म्हणान इचारीत नाय." मग बोट निघेपर्यंत रोज गेले. देवळाच्या दारातल्या दुकानातून आणि जुन्या बाजारातून त्या गाण्यांच्या रेकॉर्डी घेत गेले, अगदी आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या गाण्यांपासून परवापरवापर्यंतच्या. परतीच्या सफरीत ते बोटीच्या तळघरात पडले. कमरेखालचं सगळं गेलं. घरी आले ते झोळीतून, आणि मागून रेकॉर्डींची पेटी आली.

देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे चिमटीत धरल्यासारखी वाळूची पट्टी. बाहेर जायला एक रस्ता. त्या पट्टीवर एक घर, त्या घरात एक खोली, त्या खोलीत एक खाट, आणि खाटेवर पंचविशीतला माणूस. आणि त्या माणसाला बांधलेली मी. आमचे हे मुंबईला कचेरीत, वर्षातून चतुर्थीला येणार. मला "पुढच्या चतुर्थीनंतर नेऊ" हे दर चतुर्थीला सांगितलं जायचं. कारण भावजींचं सगळं करायला कोणी हवं होतं, आणि त्या सगळ्यात एक काम असं होतं की त्याला सुट्टीच नव्हती. रेकॉर्ड उलटणे.

आजच्या पोरांना सांगावं लागतं. रेकॉर्डची एक बाजू वीसेक मिनिटांत संपते. मग सुई आतल्या रिंगणात अडकून टक्... टक्... करत राहते. भावजींना उठून ती उलटता येत नाही, असं मला त्या चहाच्याच दिवशी सांगण्यात आलं. त्यामुळे माझी सगळी कामं एका बाजूच्या मापाची झाली. एका बाजूत विहिरीच्या दोन खेपा व्हायच्या. एका बाजूत मासे साफ होऊन आमटीला फोडणी पडायची. खाडीवर होडी लागली की एका बाजूत जाऊन येणं जमायचं, पण बांगड्यांचा भाव करता यायचा नाही. गोठ्यातली बकरी आणि मी, दोघींचीही दोरी तेवढीच. एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हा माजघरात पडून दुपारभर ती टकटक ऐकली. उठवत नव्हतं आणि झोपवतही नव्हतं.

आता माझी लबाडी. एक दिवस एका रेकॉर्डवर पुजारी एकटाच एक ओळ गायला आणि सगळ्यांनी मिळून त्याला उत्तर दिलं. पुन्हा एक ओळ, पुन्हा उत्तर. सासूबाई वालीच्या शेंगा मोडत होत्या, त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!" अगदी आपण देवाला घालतो त्या गाऱ्हाण्यासारखंच ते. मग मला म्हणाल्या, "गो, ह्या देवाचाच आसा मां?" मी म्हटलं, देवाचंच. "मगे मधी उठूचा नाय. बाजू संपासर बस थंय." मला तर आंधळीला डोळे मिळाल्यासारखं झालं! त्या घरात बसायला मिळण्याचा तो एकच रस्ता होता. मी लगेच इंग्रज देवाची परम भक्त झाले. भांडी पडली की मला भक्ती यायची. भात कांडायचा असला की डोळेच मिटायचे. कानात काही शिरत नव्हतं, सगळं मला मयताला आल्यासारखं वाटायचं. पण बसायला मिळत होतं.

भावजींना कळत होतं, पण बोलले नाहीत. नुसतं गाण्याच्या आधी एखादं वाक्य टाकायचे. ही सगळ्यात जुनी, ह्यात सगळे मिळून एकच सूर धरतात. ही नंतरची, ह्यात एक आवाज पुढे जातो आणि बाकीचे त्याच्या मागून एकेक करून वाट काढतात. मग त्यांच्या राजाचं डोकं फिरलं आणि देवाशी कुठल्या भाषेत बोलायचं त्याचा हुकूम निघाला. एक रेकॉर्ड होती तीनच आवाजांची, अगदी दबकी. ज्यांची पूजा बंद केली होती त्या लोकांनी दारं लावून घरातल्या घरात गायची गाणी ती. ती लागली की भावजी मला खोलीचं दार ओढून घ्यायला लावायचे. त्याच्यापुढे काही वर्षं अशी होती की तिथल्या देवळांत असं गाणंच बंद होतं. त्या वर्षांची रेकॉर्ड कुठून असणार? मग पुढची लावायच्या आधी ते हात वर करून मला थांबवायचे आणि आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसायचो... बाहेर समुद्राचा आवाज.

आणि त्यांचा लाडका हट्ट वेगळाच. "गाणा संपला काय ऐक," म्हणायचे. संपल्यावर काय ऐकायचं? पण खरंच, सगळे आवाज थांबले तरी ते वर कुठेतरी फिरत राहायचे, दगडी छतातून हळूहळू खाली यायचे. "बघ, केवढी जागा आसा ती!" हे सांगताना भावजींचे डोळे आमच्या मंगलोरी कौलांकडे असायचे. छत हाताला लागेल अशी ती खोली, आणि हा माणूस कानाने दुसऱ्या छताची उंची मोजत पडलेला. ते मला समजलं तेव्हा माझी भक्ती लबाडीची राहिली नाही. कधी बदलली ते सांगता येणार नाही. लबाडी आणि भक्ती यांच्यामध्ये टक् असा आवाज होत नाही.

पुढे कॅसेटी आल्या, त्यांनाही बाजू होत्या. गेल्या काही वर्षांत रेकॉर्डचं यंत्र बंद पडलं आणि माझ्या नातीने त्यांच्या फोनमध्ये सगळी शतकं भरून दिली. आता गाणं संपतच नव्हतं. भावजींना ते पटलं नाही. "वैनी, ह्याका बाजूच नाय गो. आता तुका हाक कशी मारू?" मी म्हटलं, तोंडाने मारा. पण त्यांना सवय नव्हती तोंडाने हाक मारायची, आणि मला ऐकायची.

ते गेले त्या दुपारी मी पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसले होते. आत पोरांचे आवाज चढत होते. मी मनात म्हटलं, ऐकतायत. ते संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. सुंगटं झाली, हात धुतले, भात टाकला. पेज घेऊन आत गेले तेव्हा हात गार होते आणि फोन छातीवर गातच होता. जुनी सुई असती तर तिने मला बोलावलं असतं.

तेराव्याला सगळे जमले. माझी थोरली चुलतनणंद डोळे पुसत म्हणाली, "तुझो जन्म गेलो गो त्या खोलीत." पुतण्या म्हणाला, "काकी, तुमच्या त्यागावर कोणी तरी लिहायला पाहिजे." तेव्हाच ठरवलं की आपणच लिहावं, कारण त्यागाचं जे आहे ते या जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता गेला.

ती गोष्ट अशी. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या चतुर्थीला हे आले ते कचेरीचं क्वार्टर मिळाल्याची बातमी घेऊन. विसर्जन झालं की मी आणि आमची मुलगी मुंबईला. वर्षानुवर्षं मी देवासमोर एवढंच मागितलं होतं. फिलूबाय भावजींना पेज द्यायला तयार झाली, तिचा नवरा आंघोळ घालायला. राहता राहिलं रेकॉर्ड उलटणं. मुंबईला न्यायच्या सामानासाठी मालवणच्या बाजारात गेले, पण त्या काळजीने जीव लागेना, म्हणून मी अर्ध्यातूनच परतले. अंगणात आले तर खोलीत टक्... टक्... चालू. आणि थांबली. खिडकीतून बघते तर भावजी वाशाला बांधलेल्या दोरीला धरून उठून बसलेले. त्यांनी तबकडी दोन तळव्यांमध्ये उचलली, फुंकर घातली, उलटली आणि डोळ्यात काजळ घालावं तशी सुई टेकवली.

"येता तर तुमका!"

दचकले नाहीत. "येता."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

"मगे माका इतकी वर्सां कित्याक नाचवल्यात?"

"नाचवलंय खंय? बसवलंय," म्हणाले. "आमच्या आवशीन तुका दुसऱ्या कशाक बसाक दिल्यान नसतां."

मला इतका राग आला की रडायलाही जमलं नाही. ज्या दोरीला मी तोंडभर शिव्या देत होते तिची गाठ कधी मारलेलीच नव्हती! आणि वर ती माझ्याच भल्यासाठी! त्या संध्याकाळी जेवताना यांनी विचारलं, "सदाची सगळी व्यवस्था लागली ना? ते रेकॉर्डचं कसं करणार? त्याला एकट्याला जमेल?"

एक शब्द बोलायचा होता. जमेल. की मी सुटले. आणि तोंडाशी आलेला तो शब्द गिळून ही बाई, जिने सगळ्या नवसांत मुंबईच मागितली, तिने आमटी वाढता वाढता सांगितलं, "नाही हो. त्यांना नाही जमत. मी गेले तर वेडे होतील ते." का म्हणून विचाराल तर आज म्हातारपणीही नीट सांगता येत नाही. या घरातून पळून जायचं होतं तोवर मुंबई मुंबई होती. आता जायला कोणी अडवत नाही म्हटल्यावर तिकडे एक खोली दिसली, आणि तिच्यात वर्षातले दहा दिवस ओळखीचा असलेला एक नवरा. बकरीची दोरी सोडली तर ती गोठ्याभोवतीच फिरते, हे मला ठाऊक होतं. पण स्वतःला बकरी कोण म्हणवून घेतो? मधली भिंत फळ्यांची. पलीकडे भावजी जागे होते.

हे एकटेच गेले. एस्टी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी अंगणात उभी राहिले... आत टक् टक् सुरू झाली. वाट पाहिली, थांबते का. थांबली नाही. शेवटी आत गेले. भावजी हात छातीवर घेऊन छताकडे बघत पडले होते. मी रेकॉर्ड उलटली. सुई टेकली, गाणं सुरू व्हायच्या आधीची ती खरखर होते ना, तेवढ्यात ते म्हणाले,

"वैनी, आता ह्याच्यापुढे माका खऱ्याच उलटूक येवचा नाय हां. सांगून ठेवतंय."