राखलेला डोह

समुद्राचा काही भाग देवमाशांसाठी राखून ठेवतात, तिथं त्यांना कुणी हात लावत नाही, असं परवा रेडिओवर ऐकलं. हे जीव दरवर्षी कुठल्या कुठं प्रवास करतात, असंही त्यावरच्या बाई सांगत होत्या. राखलेल्या पाण्याबाहेर गेल्यावर त्यांचं काय होतं, ते ऐकायला मी थांबले नाही. रेडिओ बंद केला आणि भाजी निवडत बसले.

तेरणेच्या काठी आमच्या गावाचा एक डोह होता. त्याच्या दोन्ही टोकांना शेंदूर फासलेले दगड. त्या दोन दगडांमधला मासा देवाचा, तो धरायचा नाही, हा गावाचा रिवाज. बाहत्तरच्या दुष्काळात नदी आटली, डोहात तेवढं पाणी उरलं आणि सगळे मासे तिथं गोळा झाले. हात घातला तर हाताला लागतील असे. लोक सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या पिठावर दिवस काढत होते, तरी एक मासा कुणी उचलला नाही. उलट पाळ्या लावून पहारा दिला. गावाला त्याचा भारी तोरा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहायची. दुष्काळी कामावर नदीच्या वरच्या अंगाला बंधारा बांधत होते, तिथं ती दगड वाहायची. संध्याकाळी परत येताना आपल्या भाकरीतला चतकोर डोहात टाकायची. अर्ध्या शेपटीचा एक मोठा मासा होता, त्याला ती लंगडा म्हणायची. तो आल्याशिवाय काठावरून उठायची नाही. घरात पोरं अर्धपोटी आणि हिला माशांचे लाड, म्हणून आई चिडायची. मीही तिला म्हणायचे, पुढच्या जन्मी मी मासाच होईन. मासा होऊन तरी गप बसशील, असं ती म्हणायची.

पुढच्या पावसाळ्यात नदी वाहिली. पाणी चढलं की हे मासे अंडी घालायला वर जातात. डोहात कोंडलेले सगळे निघाले, दगड ओलांडून गेले आणि नव्या बंधाऱ्याच्या भिंतीखाली अडकले. ज्यांनी पहारा दिला तेच लोक तिथं टोपल्या घेऊन उतरले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दगडापलीकडचा मासा हा नुसता मासा.

शेजारचे काका एक मोठा मासा घेऊन आमच्याकडे आले. माशांना आत्यानं घास घातला, तेव्हा पहिला मान तिचा, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. त्यांनी तो ओसरीवर ठेवला. शेपटी अर्धी होती.

"कुठं घावला?" आत्यानं विचारलं.

"बंधाऱ्याखाली, आक्का. तुमी दगड वाहिले न्हवं का, तिथंच. हद्दीतला न्हाय."

"व्हय," ती म्हणाली. "हद्दीतला न्हाय."

त्यांचं काही चुकलंच नव्हतं, त्यामुळे तिला भांडताही येईना. तिनं विळी घेतली, मासा साफ केला, कालवण केलं. आम्ही सगळे जेवलो. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही. कालवण तिखट झालं होतं, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी आत्या जेवायला बसली आणि सवयीनं चतकोर मोडून बाजूला ठेवला. मग तो उचलून माझ्या ताटात टाकला.

"तू खा," म्हणाली.

मी खाल्ला.