खांबाची राखण

सुकऱ्याची उभी हयात डहाणूच्या चिकूवाड्यांत गेली. घर तलासरीच्या डोंगराकडे, पण पोट किनाऱ्यावरच्या रोजंदारीवर. वाडीत तो एक गोष्ट पक्की शिकला होता. खारा वारा लागला की चिकूचा मोहोर गळतो, म्हणून पश्चिमेला सुरूची दाट रांग हवीच.

२०१४ साली धाकटी डहाणूच्या बाहेर, खाडीकाठच्या माळावर एका कंपनीने वारा मोजायचा खांब रोवला. दुमजली घराएवढा उंच, टोकाला गरगर फिरणाऱ्या वाट्या. वारा पुरेसा निघाला तर इथे पवनचक्क्या येणार होत्या. रखवालीला सुकऱ्या लागला. कंपनीचे नविनसाहेब म्हणाले, "खांबाला काही होऊ देऊ नको. पवनचक्क्या आल्या की तुला कायम करून टाकू."

कायम! बुधीबाईने हा शब्द पाड्यावर असा मिरवला की लोकांनी तिच्या नवऱ्याला साहेब म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

नविनसाहेब पुन्हा फिरकले नाहीत. गरजच काय? खांबातलं सिमकार्ड आकडे आपोआप मुंबईला धाडत होतं. राखण करायची ती सुकऱ्याने. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा बिचारा गरीब. पण दुपार कलली की समुद्रावरून असा वारा सुटायचा की खांबाच्या तारा कण्हायच्या. सुकऱ्याचा जीव तुटायचा. लोखंड झालं म्हणून काय झालं? त्याने जुन्या मालकाच्या वाडीतून सुरूची रोपं आणली, पश्चिमेला दाट लावली, डोक्यावरून हंडे वाहून गोडं पाणी घातलं. सुरूही इमानी निघाला. दोन-चार पावसाळ्यांत खांबाच्या खांद्याला लागला, आणि वाट्या शहाण्या मुलींसारख्या गप्प बसल्या.

तिकडे मुंबईत तज्ज्ञ हवालदिल. वारा वर्षागणिक घटतोय! त्यावर एक परिसंवादही झाला म्हणे. पुढे एका वादळात खाडीतल्या होड्या दोर तोडून गेल्या, तरी आकडा ढिम्म हलेना. तेव्हा कुठे नविनसाहेबांची गाडी आली.

"ही झाडं कोणी लावली?"

"मीच, साहेब," सुकऱ्या छाती पुढे काढून म्हणाला. "वाऱ्याचा एक फटका लागू नाय दिला खांबाला."

साहेबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी त्याला सावकाश समजावलं, की वारा मोजायलाच तर खांब होता. सुकऱ्याचं तोंड एवढंसं झालं. आपली कायमची नोकरी आपणच पाणी घालून घालवली, हे कळून त्याला भडभडून आलं.

इतकी वर्षं इथे कुणीच आलं नाही, हे वर सांगायचं कोणी? साहेबांनी उभ्या उभ्या निष्कर्ष काढला. "या जागी वाराच नाही. खांब काढायला माणसं येतील. पुढचा खोल समुद्रात लावू."

"मग माझं, साहेब?"

"समुद्रात राखण लागत नाही रे."

सुकऱ्याने कोयता उचलला आणि पहिल्या सुरूकडे धावला. "आत्ता तोडतो सगळी! उद्या बघा वाट्या कशा फिरतात!"

साहेबांनी त्याचा हात धरला. "राहू दे. माणसं येईपर्यंत गाडीला सावली नको का?"