पाहुणे येईपर्यंत

आमच्या वाचनालयात ग्रंथप्रदर्शन म्हणजे थोर माणसाचा हार घातलेला फोटो, त्यापुढे पांढऱ्या चादरीवर पुस्तकं आणि शेजारी पाटी: ‘कृपया हात लावू नये.’ इतक्या इतमामानं मांडलेली पुस्तकं पाहिली की ती वारली आहेत असंच वाटायचं.

शहरातल्या लहान वाचनालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी मांडणीची कार्यशाळा घ्यायचं ठरलं, तेव्हा ग्रंथपाल म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं एक टेबल मांडायचं. आमचे कार्याध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत आणि अध्यक्षीय समारोप होता. सगळ्यात खाली होतं, ‘वेळ उरल्यास प्रात्यक्षिक’.

मी वाद घातला नाही. म्हणालो, “उत्तम आहे, सर. फक्त पाहुणे गेल्या वर्षीचेच बोलवा.”

सर खूश झाले. हे पाहुणे बोलतात छान, याबद्दल दुमत नाही. ते वेळेवर आल्याचं मात्र कुणी पाहिलेलं नाही. पत्रिकेवर साडेदहा छापलं की साडेबारा धरायचे. मधल्या वेळात लोक खुर्च्यांवर बसून एकमेकांच्या मुलांच्या लग्नांची चौकशी करतात. तोच वेळ मी मागून घेतला. “तोवर लोकांना मी सांभाळतो,” म्हटल्यावर सरांनी माझे आभारच मानले.

बेत फक्त देवघेव काउंटरवरच्या ताईंना माहीत होता.

“आन् पाव्हणे टायमावर आले तर?” त्यांनी विचारलं.

“असं कधी झालंय?”

“नाय. पण साहेब, तुमचं नशीब मला माहितंय.”

कार्यशाळेच्या दिवशी सर पुष्पगुच्छ घेऊन फाटकात उभे राहिले आणि मी आधी ती पाटी कपाटामागे टाकली. लोकांना सांगितलं, फोटो नाही, हार नाही. पुस्तकाचं तोंड वाचणाऱ्याकडं, आणि वर एकच ओळ, जी वाचून माणूस थांबेल.

कारखान्यांजवळच्या बजाजनगर वाचनालयातल्या गृहस्थांनी खुसखुशीत कथा काढल्या आणि लिहिलं, ‘रात्रपाळी संपली, झोप येईना?’ मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या वाचनालयातल्या बाईंनी बारकी पुस्तकं निवडली: ‘गाडी लेट आहे? ती यायच्या आत संपतील.’ ताईंच्या टेबलावर ओळ होती, ‘आम्हाला अजून कुणीच घरी नेलं नाही.’ त्या पुस्तकांत सरांचा स्वतःचा लेखसंग्रह होता.

“ताई, हे तेवढं काढा.”

“का बरं? नेलंय का कुणी?”

मी पुस्तक होतं तिथंच राहू दिलं.

एवढ्यात सर फोन कानाला लावून आत डोकावले. “निघाले. पाच मिनिटांत पोचतात.”

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मला हायसं वाटलं. पाच मिनिटांत पोचणारा माणूस त्या वेळी टॉवेल शोधत असतो, हा माझा अनुभव आहे.

बाजूच्या खोलीत रोज पेपर वाचायला येणारी मंडळी होती. वर्षानुवर्षं येऊन त्यांनी कधी पुस्तकाच्या कपाटाकडं पाहिलं नव्हतं. त्यातले एक निवृत्त कंडक्टर टेबलांपाशी येऊन थांबले.

“हे घरी नेता येतं व्हय?”

“त्यासाठीच ठेवलंय.”

त्यांनी एक उचललं. मग पाठोपाठ सगळी पेपरवाली मंडळी आली, आणि ताईंना मांडणी सोडून काउंटरवर बसावं लागलं.

पाहुणे आले, अपेक्षेहून उशिराच. फीत कापली, टाळ्या झाल्या. फितीपलीकडं टेबलांची रांग आणि त्यांवर उरलीसुरली सात-आठ पुस्तकं.

सर माझ्या कानाशी लागले. “पुस्तकं कुठायत?”

“लोकांनी नेली.”

“प्रदर्शनातली?”

“हो.”

त्यांची नजर ताईंच्या टेबलावरच्या ओळीकडं गेली. ते टेबल पार रिकामं होतं. मी काही बोलायच्या आत काउंटरवरून ताई म्हणाल्या, “सर, तुमचं बी गेलं. कंडक्टर काकांनी नेलं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “परत कधी देणार आहेत?”

“आवडलं तर लवकर देतील. नाय तर त्याहून लवकर.”

सर चक्क हसले. अध्यक्षीय समारोप त्यांनी चार वाक्यांत आटोपला. इतकं छोटं भाषण त्या सभागृहानं पहिल्यांदाच ऐकलं असेल. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “टेबलं राहू द्या. आणि ती पाटी कुठं आहे?”

“कपाटामागे.”

“असू द्या तिथंच.”

पाहुणे जेवत होते, तेव्हा आम्ही सगळे पुन्हा टेबलं भरत होतो.