दादाच्या निळ्या रंगाखालचा पत्रा

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. आज निघालो होतो घोटीला, पण गंगापूर रोडवर रफीकभाईंच्या गॅरेजसमोर संदीपदादाची गाडी दिसली, शेजारी वहिनी उभी, म्हणून थांबलो.

दादा दिवाळीनंतर गेला. गाडीचा निळा रंग त्यानेच मारलेला, इंजिनचा कॉम्प्युटरही बाहेरून आणून त्यानेच बसवलेला. पण गाडी चालता चालता बंद पडायची. आज नीट झाली नाही तर वहिनी ती विकणार होती.

रफीकभाईंनी कॉम्प्युटरची अर्थची वायर सोडली. "वहिनी, बोल्ट घट्ट हाय, पण खाली रंग हाय. वायर पत्र्याला धड टेकतच नाय, मग करंट तुटतो अन् गाडी बंद पडते. इथला रंग घासावा लागंल."

"त्यांनी रंगाला हात लावू दिला नसता," वहिनी म्हणाली.

"वायर लावताना त्यानंच तर इथला खरवडायचा राहू दिला ना!"

वहिनीला हसू आलं, मग डोळे भरले. तिने पॉलिश पेपर मागून घेतला आणि रुपयाएवढी जागा स्वतः घासली. बोटांना लागलेली निळी भुकटी मात्र पुसली नाही.

रफीकभाईंनी वायर परत बसवली, गाडी सुरू झाली. बराच वेळ चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही. वहिनी आत एकटीच बसून राहिली, शेजारच्या सीटवर हात ठेवून.

घोटी राहिलीच. तुम्ही घासला असता तो रंग?